‘हे खरे आहे काय?’ असे विचारू नका : महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
लोकसभेतील महाराष्ट्राचे ४८ आणि राज्यसभेतील १९ सन्माननीय सदस्य यांस

स. न. वि. वि.

हे पत्र लिहिणारे आम्ही करसल्लागार, लेखापाल आणि सहकारी बँकांचे हिशेब तपासणारे लोक आहोत. कर आणि बँकांविषयी संसदेत विचारले जाणारे प्रश्न व त्यांची उत्तरे वाचणे हा आमच्या कामाचा भाग आहे. सरकार एखाद्या तरतुदीचा अर्थ काय लावते, हे परिपत्रकाच्या आधी कधी कधी तिथेच कळते. पण बहुतेक उत्तरे वाचून हाती काही लागत नाही. त्याचा दोष दर वेळी मंत्रालयाचा नसतो. निम्म्या वेळा प्रश्नच असा बांधलेला असतो की उत्तर देणाऱ्याने निसटू नये तर काय करावे! म्हणून प्रश्न कसे बांधावेत आणि सध्या कोणते विचारायला हवेत, हे खुलेपणाने लिहीत आहोत. आपल्यापैकी जे मंत्री आहेत त्यांना प्रश्न विचारता येत नाहीत. त्यांनी हे पत्र उत्तर देणाऱ्याच्या बाजूने वाचावे.

प्रश्नाची ताकद काय असते, यासाठी एकच जुनी आठवण. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. प्रकरण सुरू झाले ते लोकसभेतल्या प्रश्नांपासून. डिसेंबरमध्ये फिरोज गांधी बोलायला उभे राहिले ते आकडे आणि तारखा हातात घेऊन. पुढे न्यायमूर्ती छागला यांची चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. फिरोज गांधी सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता आजच्या कामाकडे. सध्या लोकसभेत वित्त मंत्रालयाचा वार सोमवार आणि राज्यसभेत मंगळवार. नोटीस पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न लागतात, राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकितांची निवड लॉटरीने होते आणि एका दिवसाच्या यादीत एका सदस्याचा तारांकित प्रश्न एकच. त्या २० मधले प्रत्यक्ष तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात ते जेमतेम चार-पाच, आणि गदारोळ झाला तर एकही नाही. म्हणून आमचा पहिला आग्रह असा, की तारांकिताच्या मागे धावू नका. माहिती काढायची असेल तर अतारांकित प्रश्नच खरा उपयोगाचा. त्याचे उत्तर लेखी येते, त्याच दिवशी पटलावर ठेवले जाते आणि सभागृह चालले नाही म्हणून अडत नाही. तारांकित प्रश्न राखून ठेवावा तो मंत्र्यांना उपप्रश्नात बांधून घ्यायचे असेल तेव्हा.

लोकसभेच्या नियम ४१ प्रमाणे प्रश्न साधारणपणे १५० शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद, उपरोध, आरोप चालत नाहीत. काल्पनिक परिस्थितीवर मत विचारता येत नाही. सहज मिळणाऱ्या कागदपत्रांत किंवा नेहमीच्या संदर्भग्रंथांत असलेली माहिती मागता येत नाही. मुख्यत्वे भारत सरकारच्या अखत्यारीत नसलेला विषय बसत नाही. या चार गाळण्यांत बरेच प्रश्न अडकतात. कारण ते लिहिणाऱ्याला माहिती हवी नसते, भाषण हवे असते.

गाळणीतून सुटलेल्या प्रश्नांचे पुढे काय होते? महाराष्ट्र विधानमंडळाची प्रश्नोत्तरे वाचणाऱ्याला ‘हे खरे आहे काय?’, ‘हे खरे नाही’, ‘प्रश्न उद्भवत नाही’ ही त्रिपदी पाठ असते. दिल्लीतही साचा तोच. (अ) मध्ये ‘अमुक झाले आहे काय’ असे विचारायचे, (आ) मध्ये ‘असल्यास तपशील काय’, (इ) मध्ये ‘त्यावर कोणती कार्यवाही केली’. आता (अ) ला ‘नाही’ एवढे उत्तर आले की (आ) आणि (इ) आपोआप गळून पडतात. पूर्ण प्रश्न एका खुंटीवर टांगलेला असतो आणि ती खुंटी मंत्रालयाच्या हातात असते. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक पोटप्रश्न आपल्या पायावर उभा हवा. ‘झाले आहे काय’ न विचारता ‘किती, कधीपासून, कोणत्या राज्यात, किती रकमेचे’ असे विचारायचे. शून्य असेल तर शून्य लिहावे लागेल, आणि शून्य हेही उत्तरच आहे.

दुसरा सापळा ‘सरकार विचार करीत आहे काय’ या शब्दांचा. याला एकच उत्तर येते, ‘असा कोणताही प्रस्ताव सध्या विचाराधीन नाही’. ते खोटे ठरत नाही, कारण सहीसाठी फाईल वर जाईपर्यंत प्रस्ताव हा प्रस्ताव नसतोच. अर्थसंकल्पाआधी तर असले प्रश्न निव्वळ वाया जातात.

तिसरे उत्तर सर्वांत चिवट : ‘अशी माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही’. हे तोडायचे तर माहिती कोणत्या नोंदीत, कोणत्या फॉर्ममध्ये किंवा कोणत्या यंत्रणेत आहे, ते प्रश्नातच लिहावे लागते. त्यासाठी काम कसे चालते ते ठाऊक हवे. जीएसटीचे एक उदाहरण सविस्तर घेतो, कारण छोट्या व्यापाऱ्याचे सर्वाधिक पैसे तिथेच अडकतात.

समजा, एका दुकानदाराने १,००,००० रुपयांचा माल घेतला आणि १८ टक्क्यांनी १८,००० रुपये कर धरून पुरवठादाराला १,१८,००० रुपये चुकते केले. पुरवठादाराने पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, बिल दाखवले. १४ तारखेला ते दुकानदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलने बनवलेल्या खरेदीच्या यादीत, उतरले. दुकानदाराने २० तारखेला आपल्या ३बी मध्ये, म्हणजे कर भरण्याच्या रिटर्नमध्ये, स्वतःच्या देय करातून त्या १८,००० ची वजावट घेतली. इथपर्यंत सगळे कायद्याप्रमाणे झाले. पण पुरवठादाराने स्वतःची ३बी भरलीच नाही, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६(२)(क) प्रमाणे कर सरकारजमा झालेला नाही, म्हणून दुकानदाराची वजावट अडचणीत येते. पुढच्या आर्थिक वर्षातल्या ३० सप्टेंबरपर्यंत पुरवठादाराने ३बी भरली नाही, तर नियम ३७अ प्रमाणे दुकानदाराने ३० नोव्हेंबरपर्यंत ती वजावट परत करायची. चुकला तर व्याजही लागते. पुरवठादाराने नंतर कधी कर भरला तर वजावट पुन्हा घेता येते, पण गायब झालेला माणूस कर भरायला परत येतो, असे आम्हाला तरी दिसलेले नाही. म्हणजे एकाच मालावर १८,००० रुपये दोनदा, आणि दुसऱ्यांदा भरणारा तो, ज्याने पहिल्यांदा प्रामाणिकपणे भरले होते.

आता यंत्रणा पाहा. आधीची ३बी भरलेली नसेल तर पुरवठादाराला पुढची जीएसटीआर-१ भरताच येत नाही. पोर्टल अडवते. म्हणजे बुडवणाऱ्याला मिळणारी फट फार लहान आहे : मासिक रिटर्न असेल तर एका महिन्याची, तिमाही असेल तर एका तिमाहीची. ही फट ज्या दिवशी उघडते त्याच दिवशी पोर्टलला कळते, की अमुक क्रमांकाने जीएसटीआर-१ मध्ये कर दाखवला आणि ३बी आलीच नाही. तरीही वसुली होते ती वर्षभराने, खरेदीदाराकडून. आणि हा आकडा ‘केंद्रीय पातळीवर ठेवला जात नाही’ असे म्हणता येणार नाही. २०२२-२३ या वर्षासाठी नियम ३७अ खाली परत करायच्या वजावटीची रक्कम प्रणालीने स्वतः मोजली आणि करदात्यांना ई-मेलने कळवली, असे जीएसटी नेटवर्कनेच नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले होते. ज्या प्रणालीने प्रत्येकाची रक्कम काढली तिला बेरीज येत नसेल, हे पटण्यासारखे नाही.

म्हणून प्रश्न असा हवा : नियम ३७अ खाली प्रणालीने मोजलेली एकूण रक्कम आणि त्यातील खरेदीदारांची संख्या, वर्षवार व राज्यवार, त्याच प्रकरणांत कसूरदार पुरवठादारांना पाठवलेल्या नोटिसा आणि त्यांच्याकडून वसूल झालेली रक्कम, खरेदीदारांनी परत केलेली रक्कम, आणि पुरवठादाराने नंतर कर भरल्यावर पुन्हा मिळालेली वजावट. चार आकडे. दुसरा आणि तिसरा शेजारीशेजारी ठेवले की धोरण कुणाच्या खिशातून चालले आहे ते दिसेल.

जीएसटीवरच्या प्रश्नाला आणखी एक ठरलेले उत्तर असते : ‘जीएसटीचे दर व सवलती जीएसटी परिषदेच्या शिफारशीनुसार ठरतात.’ दरांबाबत ते बरोबर आहे. अनुच्छेद २७९अ प्रमाणे परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे मिळून दोन तृतीयांश आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. म्हणजे केंद्राच्या संमतीवाचून काही होत नाही आणि एकट्या केंद्राच्या इच्छेनेही होत नाही. शिफारशी बंधनकारक नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये मोहित मिनरल्स प्रकरणात म्हटले आहे. पण तो वाद प्रश्नोत्तरात सुटणार नाही. दर सोडून द्या. परतावे किती दिवसांत मिळतात, नोंदणीचे अर्ज किती दिवस पडून राहतात, केंद्रीय आयुक्तालयांनी काढलेल्या मागण्यांपैकी अपिलात किती टिकतात, हे सगळे प्रशासन आहे आणि त्याचे उत्तर परिषदेवर ढकलता येत नाही.

अपिलाचा विषय निघालाच आहे तर तेही. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला आणि त्याच्या अपिलीय न्यायाधिकरणाचे उद्घाटन झाले २४ सप्टेंबर २०२५ ला. मधल्या आठ वर्षांत पहिल्या अपिलात हरलेल्याला उच्च न्यायालय गाठणे किंवा वाट पाहणे एवढेच पर्याय होते. वादातल्या कराचे १० टक्के पहिल्या अपिलाला अडकलेले, न्यायाधिकरणात जाताना आणखी १० टक्के. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजी ही ठिकाणे ठरली आहेत. ‘न्यायाधिकरण सुरू झाले आहे काय’ असे विचाराल तर ‘होय’ येईल. विचारायचे ते असे : या सहा ठिकाणी मंजूर सदस्य किती, प्रत्यक्ष रुजू किती, दाखल अपिले किती, ज्यांत सुनावणीची पहिली तारीख लागली अशी किती, आणि या अपिलांत आधी भरून घेतलेली एकूण रक्कम किती. शेवटचा आकडा व्यापाऱ्यांच्या खेळत्या भांडवलातून काढून ठेवलेला आहे.

प्राप्तिकराकडे वळताना एक गोष्ट आधी. नवा प्राप्तिकर कायदा, ५३६ कलमांचा, लोकसभेत ११ ऑगस्ट २०२५ रोजी गदारोळात, चर्चेविना, आवाजी मतदानाने मंजूर झाला आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. निवड समितीने त्यावर काम केले होते हे खरे, पण सभागृहात एकाही कलमावर मंत्र्यांना स्पष्टीकरण द्यावे लागले नाही. त्यामुळे पुढे वाद होईल तेव्हा कायदा करणाऱ्याच्या मनात काय होते हे शोधायला सभागृहाचे कामकाज फारसे उपयोगी पडणार नाही. ती उणीव आता प्रश्नांतूनच भरून काढावी लागेल.

आणि कायद्याचे शब्द हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा सॉफ्टवेअरमध्ये असतो. २०२३-२४ या वर्षासाठी नव्या करप्रणालीत ७ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्याला कलम ८७अ खाली २५,००० रुपयांपर्यंत सूट होती. शेअरवरच्या अल्पमुदतीच्या नफ्यावरील करालाही ती लागू होते काय, यावर दोन मते होती. दीर्घमुदतीच्या नफ्याच्या कलम ११२अ मध्ये सूट स्पष्टपणे नाकारलेली होती. अल्पमुदतीच्या १११अ मध्ये तसे काही नव्हते. जुलै २०२४ च्या सुरुवातीपर्यंत विभागाचे सॉफ्टवेअर ही सूट देत होते. ५ जुलै २०२४ ला ते बदलले आणि सूट बंद झाली. कायद्यात एक अक्षर बदलले नव्हते. ४ जुलैला रिटर्न भरणाऱ्याला सूट, ६ जुलैला भरणाऱ्याला नाही, उत्पन्न मात्र तेवढेच! अखेर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि करदात्याला निदान दावा तरी करता आला पाहिजे, असे न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ठरवले. सूट द्यायची की नाही हा वेगळा मुद्दा. दावा लिहिण्याचा रकानाच बंद करणे म्हणजे सुनावणीआधी निकाल.

अधिसूचना काढली तर ती संसदेच्या पटलावर ठेवावी लागते. सॉफ्टवेअर बदलले तर कुठेच ठेवावे लागत नाही. म्हणून विचारावे : रिटर्नच्या युटिलिटीत (रिटर्न भरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) गेल्या तीन वर्षांत करआकारणीवर परिणाम करणारे किती बदल झाले, प्रत्येक बदलाची तारीख, त्याला मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा, आणि बदलापूर्वी भरल्या गेलेल्या रिटर्नची संख्या. व्यक्तीचे नाव मागू नका, हुद्दा मागा. नाव मागितले की गाडी गोपनीयतेवर जाते.

गोपनीयतेवरून बँकांकडे. थकबाकीदारांची नावे मागणारा प्रश्न दर अधिवेशनात येतो आणि रिझर्व्ह बँक कायद्याच्या कलम ४५ई कडे बोट दाखवून परत जातो. त्या कलमाप्रमाणे कर्जदाराची पतविषयक माहिती उघड करता येत नाही. निर्लेखित, म्हणजे बुडीत धरून ताळेबंदातून काढलेल्या, कर्जांवर विचारले तर ‘निर्लेखित केल्याने कर्जदाराची जबाबदारी संपत नाही, वसुली सुरूच राहते’ असे उत्तर ठरलेले. मान्य. मग वसुलीच विचारा : २०१९-२० मध्ये निर्लेखित केलेल्या रकमेपैकी पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षी किती टक्के परत आले, बँकवार. नावाची गरजच नाही.

पण महाराष्ट्राच्या खासदारांनी ज्या विषयावर ठाण मांडून बसावे असा आमचा आग्रह आहे, तो नागरी सहकारी बँकांतल्या ठेवींचा. रिझर्व्ह बँक निर्बंध घालते ते बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५अ खाली. निर्बंधांना मुदत असते, पण मुदतवाढीला अंत नसतो. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला सप्टेंबर २०२२ मध्ये, म्हणजे साडेनऊ वर्षांनी. पीएमसी बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्या दिवशी काढता येणारी रक्कम होती १,००० रुपये. जानेवारी २०२२ मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली तेव्हा विम्याच्या मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या ठेवींची परतफेड दहा वर्षांपर्यंत लांबली. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर फेब्रुवारी २०२५ मध्ये निर्बंध आले, पण ती ऑगस्टमध्येच सारस्वत बँकेत विलीन झाली. एका बँकेला सहा महिने आणि दुसरीला साडेनऊ वर्षे का लागतात, याची कारणे तपशिलात आहेत आणि तो तपशील एकत्रितपणे कुणी मागितलेला आमच्या वाचनात नाही.

ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखाची ५ लाख झाली. ठेव विमा महामंडळाच्या (डीआयसीजीसी) कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८अ प्रमाणे निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची आहे. पहिले ४५ दिवस बँकेने दावे सादर करण्यासाठी, पुढचे ३० महामंडळाने पडताळण्यासाठी, शेवटचे १५ पैसे देण्यासाठी. गाडी अडते ती बहुधा पहिल्या टप्प्यात, कारण ठेवीदारांची केवायसी अपुरी असते आणि ज्या बँकेचा कारभार कोलमडला आहे तिनेच याद्या करायच्या असतात.

५ लाख ही मर्यादा एका बँकेतल्या एका ठेवीदारामागे आहे, सर्व शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. गृहनिर्माण संस्थेचा सिंकिंग फंड ८० कुटुंबांचा असला तरी संस्था हा एकच ठेवीदार, म्हणून मिळणार ५ लाखच. शाळेच्या ग्रॅच्युइटीच्या निधीचे आणि देवस्थानच्या ठेवीचेही तेच. मर्यादा वाढवणार काय, या प्रश्नापेक्षा हा कितीतरी कामाचा मुद्दा आहे. देशभरातल्या विमित ठेवींची टक्केवारी महामंडळाच्या वार्षिक अहवालात असते, ती मागितली तर प्रश्न नियम ४१ वरच अडेल. जे अहवालात नाही ते मागावे. नमुना देतो, जसाच्या तसा वापरला तरी हरकत नाही :

‘वित्तमंत्री पुढील माहिती देतील काय :
(अ) कलम ५६ सह कलम ३५अ खाली आजमितीस निर्बंध असलेल्या महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांची नावे, प्रत्येकीवर निर्बंध आल्याची तारीख आणि मुदतवाढींची संख्या;
(आ) प्रत्येक बँकेतील ५ लाखांहून अधिक ठेव असलेल्या ठेवीदारांची संख्या व रक्कम, ५ ते १० लाख, १० ते २५ लाख आणि २५ लाखांवर अशा विभागणीसह;
(इ) या ठेवीदारांपैकी सहकारी गृहनिर्माण संस्था, शिक्षणसंस्था व सार्वजनिक न्यास यांची संख्या व रक्कम;
(ई) कलम १८अ खाली बँकवार दिलेली रक्कम, आणि ९० दिवसांनंतर प्रलंबित असलेले दावे, कारणांसह?’

शंभराच्या आत शब्द, एकही विशेषण नाही, आणि कोणताही पोटप्रश्न दुसऱ्यावर टांगलेला नाही.

एक सावधगिरी. पतसंस्थांचा प्रश्न इथे मिसळू नका. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली पतसंस्था हा राज्याचा विषय, दिल्लीत तो फेटाळला जाईल. मल्टिस्टेट पतसंस्था केंद्रीय निबंधकाखाली येते, पण तो प्रश्न वित्त मंत्रालयाचा नाही, सहकार मंत्रालयाचा. चुकीच्या मंत्रालयाकडे गेलेला प्रश्न दुसरीकडे वर्ग होतो, वार बदलतो आणि अधिवेशन संपते. मराठवाड्यात मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकलेल्यांची संख्या पाहता ही चूक महाग पडते. आणि ठेवीदारांनाही सांगा : या दोन्ही प्रकारच्या पतसंस्थांच्या ठेवींना ५ लाखांचा विमा नाही, दारावर ‘मल्टिस्टेट’ असे कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलेले असो.

उपकर (सेस) आणि अधिभार (सरचार्ज) यांवर भाषणे पुष्कळ होतात, हिशेब कमी. अनुच्छेद २७० प्रमाणे हे दोन्ही राज्यांमध्ये वाटायच्या करांतून वगळलेले आहेत. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांचा वाटा ४१ टक्के आणि त्यात महाराष्ट्राचा ६.३१७ टक्के ठरवला. म्हणजे त्या काळात वाटपाच्या करातल्या दर १०० रुपयांतून महाराष्ट्राला मिळत ते २ रुपये ५९ पैसे. उपकराच्या १०० रुपयांतून काहीच नाही. मे २०२२ च्या रचनेत पेट्रोलवर लिटरमागे केंद्राचे १९ रुपये ९० पैसे होते. त्यातले वाटपात येणारे मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ४० पैसे. बाकी सगळे विशेष अतिरिक्त शुल्क आणि उपकर. वसुलीखर्च बाजूला ठेवला तर त्या १ रुपया ४० पैशांतून सर्व राज्यांना मिळून ५७ पैसे आणि महाराष्ट्राला साडेतीन पैशांच्या वर थोडेसे. ‘उत्पादन शुल्कात राज्यांना वाटा मिळतो काय’ असे विचारल्यावर ‘होय’ असे उत्तर येते, ते या साडेतीन पैशांच्या जोरावर.

उपकर ज्या कामासाठी घेतला त्यावर खर्च होतो काय, हा दुसरा प्रश्न. २०१८-१९ मध्ये ३५ उपकरांतून जमलेल्या सुमारे २.७४ लाख कोटींपैकी १.६४ लाख कोटीच राखीव निधींत किंवा मंडळांकडे गेले, असे कॅगने नोंदवले आहे. तेव्हा प्रत्येक उपकराचे नाव, जमा, राखीव निधीत वर्ग झालेली रक्कम, प्रत्यक्ष खर्च आणि शिल्लक असे पाच रकाने, पाच वर्षांसाठी मागा. उत्तर तक्त्यातच हवे, असेही लिहा. नाहीतर परिच्छेद येतो.

राज्यसभेतल्या १९ जणांना वेगळे दोन शब्द. वित्त विधेयक हे धन विधेयक असते, आपण फक्त शिफारशी करू शकता आणि त्याही १४ दिवसांत. म्हणून करविषयात राज्यसभेला काही करता येत नाही, हा समज रूढ झाला आहे. तो पुरता बरोबर नाही. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे त्याखालचा प्रत्येक नियम आणि अधिसूचना दोन्ही सभागृहांपुढे ३० दिवस ठेवावी लागते. दोन्ही सभागृहांचे एकमत झाले तर ती बदलते किंवा रद्द होते. वर सांगितलेला ३७अ हा असाच नियम आहे. त्यावर प्रस्ताव देण्याचा अधिकार राज्यसभेच्या सदस्याला लोकसभेच्या सदस्याइतकाच आहे. प्रस्ताव मंजूर होईल असे आम्ही म्हणत नाही. चर्चेला आला तरी मंत्र्यांना नियमाचे समर्थन करावे लागते, आणि ते समर्थन पुढे न्यायालयात वाचले जाते.

लोकसभेच्या सदस्यांसाठी अनुच्छेद ११७ चे परंतुक. कर वाढवणाऱ्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची शिफारस लागते. कर कमी किंवा रद्द करणाऱ्या दुरुस्तीला ती लागत नाही. खासगी सदस्याची दुरुस्ती पडणार हे ठरलेलेच, पण ती नेमक्या शब्दांत मांडलेली असली की सरकारला हवे असेल तेव्हा मागे येण्याची वाट तयार असते. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने घर-जमिनीच्या विक्रीवरील महागाई निर्देशांकाचा लाभ, म्हणजे खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरण्याची सोय, काढून घेतला. टीका वाढली, आणि ७ ऑगस्टला विधेयक मंजूर होताना २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी निवासी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना २० टक्के निर्देशांकासह किंवा १२.५ टक्के त्याशिवाय, असा पर्याय सरकारनेच दिला. दोन आठवड्यांत!

राहिले उत्तर आल्यानंतरचे काम, आणि बहुतेक प्रश्न इथेच मरतात. ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ हे उत्तर म्हणजे आश्वासन असते. ते तीन महिन्यांत पुरे व्हायला हवे, आणि नाही झाले तर शासकीय आश्वासन समिती आहे. आपल्या कार्यालयातल्या एका माणसाकडे फक्त एवढीच वही द्या : प्रश्न क्रमांक, तारीख, दिलेले आश्वासन, तीन महिन्यांची तारीख. उत्तर अपुरे असेल तर लोकसभेत नियम ५५ खाली अर्ध्या तासाची चर्चा मागता येते, नोटीस तीन दिवस आधी. तारांकित लागलाच तर मूळ प्रश्नकर्त्याला साधारणपणे दोन उपप्रश्न मिळतात. पहिल्यात भाषण केले की दुसऱ्याला वेळ उरत नाही. लेखी उत्तरातला एक आकडा वाचून दाखवा, त्याच्याशी न जुळणारा दुसरा आकडा वाचा आणि खाली बसा.

या पत्रातले चार मुख्य प्रश्न, नियम ३७अ, युटिलिटीतले बदल, निर्बंधांखालच्या बँका आणि उपकरांचा तक्ता, आपापसांत वाटून घेतले तर एकाच सोमवारी आणि त्यानंतरच्या मंगळवारी दोन्ही सभागृहांत लागू शकतात. अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्या की १५ दिवसांचा हिशेब उलटा मोजावा. पहिल्या सोमवारची नोटीस पाठवण्याची मुदत अधिवेशन सुरू होण्याच्या आधीच संपलेली असते. मसुदे, तक्त्यांचे नमुने आणि आकड्यांची पडताळणी ही कामे आम्ही करून देऊ, कोणत्याही पक्षाच्या सदस्याला, विनामूल्य.

आपले,
महाराष्ट्रातील काही करसल्लागार, लेखापाल व सहकारी बँकांचे हिशेब तपासनीस